ओळखणारे दोन सभासद

आमच्या भागातल्या डॉक्टरांच्या संघटनेची मी सचिव झाले, ती दुसरं कोणी तयार नव्हतं म्हणून. वार्षिक सभेत अध्यक्षांनी सचिवपदासाठी नावं सुचवायला सांगितली, तेव्हा सगळे एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले आणि मी नेमकी त्याच क्षणी मान वर केली. "तुमचा दवाखाना घराखालीच आहे, तुमच्याकडे वेळ असतो," असं एकानं ठरवून टाकलं. टाळ्या वाजल्या. त्या माझ्यासाठी होत्या की स्वतःची सुटका झाली म्हणून, ते मी विचारलं नाही.

तेव्हापासून दर मंगळवारी दुपारी मी बुधवार पेठेतल्या संघटनेच्या कार्यालयात जाते. खाली विजेच्या सामानाची दुकानं आणि वर आमच्या दोन खोल्या. तिथलं सगळं काम एक काका बघतात. ते पूर्वी एका कॉलेजच्या कार्यालयात हेडक्लार्क होते, निवृत्त झाल्यावर आमच्याकडे आले. त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे आणि बोलणं अक्षराइतकंच मोजकं. मी गेले की ते सह्यांचे कागद पुढे ठेवत. मी सह्या करत असे, चहा घेत असे, आणि साडेपाचच्या आत दवाखान्यात परत येत असे. पहिलं वर्ष असंच गेलं, आणि आपण काम चांगलं करतो आहोत अशी माझी समजूत होती.

मागच्या हिवाळ्यात संघटनेनं खडकीला कारखान्याच्या कामगार वसाहतीत आरोग्य तपासणीचं शिबिर घेतलं. बारा डॉक्टर येतो म्हणाले होते, आलो आम्ही सात. दहा वाजता रांग हॉलच्या बाहेर गेली होती. तेवढ्यात एक मुलगी पुढे आली. साधा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले, गळ्यात स्वतःचा स्टेथोस्कोप.

"मॅडम, मी इथंच राहते. एमबीबीएस झाले आहे, इंटर्नशिप संपली. जवळच्या छोट्या हॉस्पिटलमध्ये नोकरी करते. आज सुट्टी आहे, मदत करू का?"

मी तिला शेजारचं टेबल दिलं. माझ्या रांगेपेक्षा तिची रांग भराभर पुढे सरकत होती, तरी कोणाला घाईनं उठवल्यासारखं वाटत नव्हतं. एक निवृत्त कामगार साखर तपासायला आले. उपाशीपोटी आलोय, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

"काका, सकाळचा चहा किती वाजता घेता?" तिनं विचारलं.

"सहाला."

"आणि आज?"

"आजही सहालाच. रोजचा नेम आहे."

ती हसली नाही. "नेम चांगला आहे. उद्या तेवढा मोडा आणि हॉस्पिटलमध्ये या, मी सकाळी असते," असं म्हणून तिनं त्यांच्या हातावर वेळ लिहिलेली चिठ्ठी ठेवली. तीस-पस्तीस वर्षं दवाखाना चालवल्यावर माणसाला कोण डॉक्टर होणार आणि कोण नुसता पदवीधर राहणार, हे थोडंफार कळायला लागतं. मी मनात म्हटलं, ही आपल्या संघटनेत हवी.

दुपारी पुरीभाजीची पाकिटं आली. हॉलच्या पायरीवर बसून खाताना मी तिला विचारलं, "तू आपली सभासद आहेस ना?"

"नाही, मॅडम. अर्ज केला होता. परत आला."

"कोणी पाठवला परत?"

तिनं पुरीचा तुकडा तोडला. "सचिवांनी."

मला आधी वाटलं, ती माझ्या आधीच्या सचिवांबद्दल बोलते आहे. म्हणून मी विचारलं, "कधीची गोष्ट?"

"पावसाळ्यात. म्हणजे तुम्हीच, मॅडम." आवाजात राग नव्हता. रक्तदाबाचा आकडा सांगावा तसं तिनं सांगितलं. मग हात पुसून मोबाइल काढला आणि पत्राचा फोटो दाखवला. काकांचं सुरेख अक्षर होतं. 'आपला अर्ज अपूर्ण आहे. आपणांस व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोन सभासदांची शिफारस जोडून अर्ज पुन्हा सादर करावा.' खाली माझी सही.

मला ते पत्र अजिबात आठवत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "असू दे, मॅडम, नियम आहे तो. मी कोणाला ओळखत नव्हते. आमच्या कॉलेजचे सर दुसऱ्या जिल्ह्यात आहेत, ते इथले सभासद नाहीत. आणि हॉस्पिटलचे मालक डॉक्टर नाहीत."

"मग तुला सभासद कशाला व्हायचं होतं?"

"तुमची रविवारची व्याख्यानं असतात ना, त्यासाठी. आणि हॉस्पिटलमध्ये मी एकटीच असते. एखादा पेशंट कळला नाही तर विचारायला कोणी नाही. सभासद असलं की फोन करता येतो, असं ऐकलं होतं."

त्या दिवशी घरी येताना मला माझा स्वतःचा अर्ज आठवला. माझे वडील डॉक्टर होते. माझा निकाल लागला त्याच आठवड्यात ते संघटनेचा फॉर्म घरी घेऊन आले. त्यावर त्यांच्या दोन मित्रांच्या सह्या आधीच झालेल्या होत्या. मी जेवणाच्या टेबलावर, आमटीचं पातेलं बाजूला सारून, खुणेच्या जागी सही केली. व्यक्तिशः ओळखणारे दोन सभासद मला माझ्या बारशापासून ओळखत होते. हा नियम आहे हे मला तेव्हा कळलंही नव्हतं, कारण तो मला कुठे अडलाच नव्हता.

मंगळवारी मी काकांना विचारलं, "असे परत पाठवलेले अर्ज किती आहेत?"

त्यांनी कपाटातून एक फाइल काढून माझ्यासमोर ठेवली. गेल्या दोन-तीन वर्षांतले सहा अर्ज होते. मी एकेक वाचत गेले. पालकांचा व्यवसाय या रकान्यात कोणाचे वडील एसटीत वाहक, कोणाचे शिक्षक, एकाचं किराणा दुकान, एकीची आई अंगणवाडीत. सहांपैकी एकाच्याही घरी डॉक्टर नव्हता. सहा पत्रांपैकी चारांवर माझी सही होती.

"काका, तुमच्या हे लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," काका म्हणाले.

"मग बोलला नाहीत?"

"मला वाटलं, धोरण आहे."

ते टोमणा म्हणून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते खरोखरच तसं समजून चालले होते. चाळीस वर्षं कार्यालयात काढलेल्या माणसाला वाटलं की एवढे शिकलेले लोक सारखी सही करतात, म्हणजे विचार करूनच करत असणार. मी चहा तसाच ठेवला.

मग मी शिबिरातल्या मुलीचा अर्ज मागून घेतला आणि सूचक म्हणून सही केली. शिबिरात दिवसभर तिचं काम पाहिलं होतं, त्यामुळे ओळखते असं लिहायला मला हरकत वाटली नाही. दुसऱ्या सहीसाठी मी एका मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "पाठव, करते." पाच मिनिटांत प्रश्न मिटला, असं समजून मी त्या मुलीला कळवलं.

थोड्या वेळानं तिचाच फोन आला. "मॅडम, एक बोलू का? रागावू नका. त्या मॅडम मला ओळखत नाहीत. फॉर्मवर लिहिलंय, अर्जदार माझ्या व्यक्तिशः परिचयाचे आहेत. माझ्या पहिल्याच कागदावर खोटं नको."

मला राग आला. इतकी धडपड करते आहे मी, आणि या बाईसाहेब वाक्याचा कीस पाडतायत. मी म्हटलं, "अगं, सगळे असंच करतात."

"हो, मॅडम," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर माझा राग तासभर टिकला. मग मला वाटलं, सगळे असंच करतात म्हणूनच ते सहा अर्ज फाइलमध्ये पडून आहेत. हिला ओळखणारा सभासद हवा असेल, तर ओळख करून द्यावी लागेल. आणि तेव्हा मला माझे सर आठवले.

सरांच्या हाताखाली मी नवीन असताना वर्षभर काम केलं होतं. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. स्वारगेटजवळ त्यांचा जुना दवाखाना आहे आणि अजूनही ते सकाळी दोन तास बसतात. संघटनेचे ते माजी अध्यक्ष. त्यांचा तिरकसपणा आमच्या पिढीनं पोटभर खाल्लेला आहे. मी भेटायला गेले आणि सगळं सांगितलं. सर माझ्या तोंडाकडे एकटक बघत ऐकत होते.

"म्हणजे तुम्हाला माझी सही नको, ओळख हवी," ते म्हणाले. "सही स्वस्त होती. पाठवा तिला. तीन दिवस सकाळी माझ्याबरोबर बसू दे. नाही पटली तर नाही म्हणेन, मग मध्ये पडायचं नाही."

तिनं हॉस्पिटलमधली पाळी बदलून घेतली आणि सोमवारपासून खडकीहून मेट्रोनं स्वारगेटला जायला लागली. मी सोमवारी संध्याकाळी तिला विचारलं, "काय म्हणाले सर?" "फार नाही बोलत," ती म्हणाली. मंगळवारीही तेच उत्तर. बुधवारी तिनं फोन उचलला नाही. मला वाटलं, सरांनी पोरीला रडवलं.

गुरुवारी दवाखाना उरकून मी सरांकडे गेले. दवाखान्यात पेशंट नव्हते. सर खुर्चीत मागे टेकून बसले होते आणि टेबलावर तिचा फॉर्म होता. मला बसायला सांगून ते म्हणाले, "दार लावून घ्या."

मी दार लावलं.

"मला ऐकू येत नाही," सर म्हणाले. "दीड वर्ष झालं. माणसाचं बोलणं समोर बसलं की कळतं, ओठांवरून निम्मं लागतं. पण छातीतलं काही ऐकू येत नाही. तुम्हाला माहीत होतं?"

मला माहीत नव्हतं. दीड वर्ष सर फोनवर येत नव्हते, सूनबाईच बोलायच्या. आम्ही सगळे म्हणायचो, सर आता फारच तुसडे झालेत.

"तिला पहिल्या दिवशी कळलं," सर म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. सोमवारी ती येऊन शेजारच्या स्टुलावर बसली. सर पेशंटच्या छातीला स्टेथोस्कोप लावत, मान हलवत, औषध लिहीत. त्यांच्या स्टेथोस्कोपला दोन तोंडं आहेत, एक मोठं आणि एक छोटं. दांडी वळवून ज्या बाजूला करावं त्याच बाजूनं ऐकू येतं. दांडी छोट्या तोंडाकडे वळलेली होती आणि सर मोठं तोंड छातीला लावत होते. तसं लावलं तर धडधाकट कानाच्या माणसालाही काही ऐकू येणार नाही, आणि दुसऱ्या क्षणी त्याच्या लक्षात येईल. सर पूर्ण सकाळभर तसंच लावत राहिले.

ती काही बोलली नाही. तिसऱ्या पेशंटपासून म्हणायला लागली, "सर, मी पण ऐकू का? शिकायला मिळेल." प्रत्येक पेशंटची छाती ती स्वतः ऐकायची आणि जे ऐकलं ते सरांकडे तोंड करून, सावकाश, धडा म्हणून दाखवावा तसं सांगायची. पेशंटला वाटे, म्हातारे डॉक्टर पोरीची परीक्षा घेतायत. सरांनाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं.

मंगळवारी मंडईत भाजी विकणाऱ्या एक बाई आल्या. तीन आठवड्यांचा खोकला. सरांनी तपासलं आणि कागद पुढे ओढला. तिनं ऐकलं, पुन्हा ऐकलं, बोटांनी पाठीवर ठोकून पाहिलं. म्हणाली, "सर, उजवीकडे खाली श्वासाचा आवाज फार कमी आहे. तुम्हाला एक्स-रे हवा असेल ना?" सर तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "हो, हवा आहे." संध्याकाळी एक्स-रे आला. छातीत पाणी झालं होतं.

"मी खोकल्याचं औषध लिहीत होतो," सर मला म्हणाले. "अर्धं लिहूनही झालं होतं."

बुधवारी शेवटचा पेशंट गेल्यावर तिनं दार लावून घेतलं आणि सरांच्या समोर बसली. "सर, तुम्हाला स्टेथोस्कोपमधून ऐकू येत नाही ना?"

"मी तिच्यावर ओरडलो," सर म्हणाले. "विचारलं, कोणी सांगितलं तुला? तर म्हणते, तुमच्या स्टेथोस्कोपनं. आणि दांडी वळवून दाखवली. मी तिला म्हटलं, निघ. ती निघाली नाही. म्हणाली, ओरडून झालं की सांगा, मी थांबते."

सर हे सांगताना हसत होते. सरांना हसताना मी किती वर्षांनी पाहिलं, सांगता येणार नाही. पुढे तिनं त्यांना कानाच्या तपासणीबद्दल आणि कानातल्या यंत्राबद्दल सांगितलं. आवाज वाढवून देणारा स्टेथोस्कोप मिळतो, आपल्या हॉस्पिटलमध्ये एक आहे, तो आणून दाखवते, असंही म्हणाली. आणि जाताना म्हणाली, "तोपर्यंत पेशंट एकट्यानं तपासू नका, सर. हे मला सांगायलाच पाहिजे."

"घरात सगळ्यांना संशय होता," सर म्हणाले. "मुलाला, सुनेला. कोणी बोललं नाही. माझ्या तोंडाला भितात. मीही कोणाला विचारलं नाही. माणसाला वाटतं, चाललंय तोवर चालू दे. पेशंटच्या जिवावर चाललंय हे मनात येतं आणि जातं."

मीही त्यांच्या तोंडाला भिणाऱ्यांपैकीच होते. महिनाभरापूर्वी भेटायला आले असते तरी मला काही कळलं नसतं.

सरांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला. अनुमोदक म्हणून त्यांची सही होती. 'अर्जदारास किती काळ ओळखता?' या ओळीपुढे त्यांनी लिहिलं होतं, 'तीन दिवस. पुरेसे आहेत.'

मग मी तिला फोन केला. बुधवारी का उचलला नाहीस, असं विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, सरांनी तुम्हाला सांगायच्या आधी मी काही सांगणं बरोबर नव्हतं. आणि तुम्ही विचारलं असतं तर मला खोटं बोलता आलं नसतं." मग तिनं विचारलं, "सही केली का हो त्यांनी? मला वाटलं, गेली संधी."

नव्या सभासदांना प्रमाणपत्र देण्याचा कार्यक्रम रविवारी सकाळी व्याख्यानाआधी असतो. त्या वेळी पाच जण होते. पद्धत अशी, की नव्या सभासदानं पुढे येऊन स्वतःची ओळख करून द्यायची. एकानं सांगितलं, वडिलांचं हॉस्पिटल आहे, आई भूलतज्ज्ञ. दुसरीनं सांगितलं, आमच्या घरातली ही तिसरी पिढी. समोरचे लोक ओळखीचं हसत होते. त्यात वाईट काही नव्हतं, माझी ओळखही अशीच झाली होती.

कार्यक्रमापूर्वी तिचे आईवडील दाराशी उभे होते. वडील पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात, आई निळ्या साडीत. वडिलांनी मला हात जोडून "जयभीम, मॅडम," म्हटलं आणि हळूच विचारलं, "आम्ही सभासद नाही. आत बसलं तर चालेल का?"

मी उत्तर देण्याआधी काका पुढे झाले. "दुसऱ्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवल्यात. या," असं म्हणून त्यांना आत घेऊन गेले. हे मी काकांना सांगितलं नव्हतं.

तिची पाळी आली. तिनं माइक जरा खाली ओढला. "मी खडकीची. माझे वडील कारखान्यात मशीनवर आहेत, आई शिवणकाम करते. दोघं दुसऱ्या रांगेत बसलेत. मी आमच्या घरातली पहिली डॉक्टर. मला बऱ्याच गोष्टी येत नाहीत, त्या विचारायला मी इथे आले आहे. धन्यवाद." आणि ती जाग्यावर जाऊन बसली. टाळ्या सगळ्यांसारख्याच वाजल्या. सरांच्या मात्र थोड्या जास्त वेळ वाजत राहिल्या.

प्रमाणपत्र द्यायला अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर मला सचिव म्हणून दोन शब्द बोलायचे होते. मी सहा अर्जांची गोष्ट सांगितली, चार पत्रांवर माझी सही होती हेही सांगितलं. मग ठराव मांडला, की नोंदणीकृत डॉक्टरचा अर्ज आला आणि त्याला इथलं कोणी ओळखत नसेल, तर अर्ज परत न पाठवता समितीनं त्याला बोलावून ओळख करून घ्यावी.

मागून एक जण म्हणाले, "अशानं कोणीही येईल."

"कोणीही नाही," सर बसल्या जागेवरून म्हणाले. त्यांच्या कानात आता नवं यंत्र होतं. "डॉक्टर येतील. अडचण आहे का?"

ठराव मंजूर झाला. तीन हात वर आले नाहीत, तेही मी पाहिलं.

ते सहा अर्ज होते, त्यांतला एक आता मार्गी लागला. उरलेल्या पाच जणांना मी स्वतःच्या हातानं पत्रं लिहिली. काकांनी अक्षराबद्दल काही म्हटलं नाही, फक्त पाकिटांवरचे पत्ते स्वतः लिहिले. तिघं आले. एक पत्र पत्ता बदलल्यामुळे परत आलं. एकानं उत्तर पाठवलं, एका ओळीचं. 'धन्यवाद, आता आवश्यकता नाही.' ते मी फाइलला लावलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याला द्यायला माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

कार्यक्रमानंतरच्या रविवारी तिच्या घरी मला जेवायला बोलावलं. दोन खोल्यांचं क्वार्टर, कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती, खिडकीशी शिलाई मशीन. प्रमाणपत्र अजून भिंतीवर लावलं नव्हतं, कारण कुठे लावायचं यावर आईवडिलांचं एकमत होत नव्हतं. तिच्या आईंनी वांग्याचं भरीत, भाकरी आणि चांगली झणझणीत आमटी केली होती. दुसरी भाकरी वाढताना त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, माझा हा गुडघा जिना चढताना..."

"आई," ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "मॅडम जेवायला आल्यात."

"तू सांगतेस ते मला पटत नाही, म्हणून विचारतेय."

मी जेवून गुडघा पाहिला. तिनं जे सांगितलं होतं तेच मीही सांगितलं. बाईंना ते लगेच पटलं, आणि लेकीनं कपाळाला हात लावला.

निघताना तिचे वडील मला मेट्रो स्टेशनपर्यंत सोडायला आले. ते कमी बोलणारे गृहस्थ. अर्धा रस्ता संपला. मग ते म्हणाले, "मॅडम, ती बारावी झाली तेव्हा मला वाटलं, झालं. मग प्रवेशाची परीक्षा. मग कॉलेज. पदवी मिळाली तेव्हा वाटलं, आता झालं. तर म्हणे नोंदणी. नोंदणी झाली तर हे तुमचं सभासदत्व. अजून किती कागद आहेत?"

"बरेच आहेत," मी खरं ते सांगितलं. "पुढे तिला स्पेशलायझेशन करायचं असेल तर त्याचे वेगळेच."

ते मान हलवत थोडं चालले. "असू द्या," म्हणाले. "तिला करायचं असेल तर ती करेल. मला फक्त रजा टाकायला दोन दिवस आधी सांग म्हणावं."

स्टेशनच्या जिन्याशी त्यांनी पुन्हा हात जोडले. वर फलाटावर रविवारची गर्दी होती, मुलंबाळं घेऊन निघालेले लोक. गाडी आली. मला खिडकीशी जागा मिळाली. पोट भरलं होतं, दवाखान्याला सुट्टी होती, आणि घरी जाऊन झोपण्यापलीकडे मला त्या दुपारी काहीही काम नव्हतं.